महाराष्ट्राचा नियम गोव्यातल्या सोसायटीला लागतो का? एका नव्या सेक्रेटरीला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीला ३६ फ्लॅटची सोसायटी, नोंदणी १९९४ ची, आणि तुम्ही गेल्या महिन्यात सेक्रेटरी झालात. आधीच्या सेक्रेटरींनी एक पत्र्याची ट्रंक आणि दोन फायली हातात दिल्या. ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी ‘नवीन कायदा आला’ म्हणून मेसेज टाकतं. एक काका म्हणतात, बायलॉज (सोसायटीचे स्वतःचे, रजिस्ट्रारकडे नोंदलेले नियम) जुने झाले, ते धरायचेच नाहीत. कमिटीतल्या दोघांना वाटतं, वकिलाला वर्षाची फी देऊन मोकळं व्हावं. तुम्ही विचारता, कायदे बदलत राहतात त्यावर लक्ष कसं ठेवायचं, कुठे बघायचं आणि बायलॉज कधी बदलायचे?

मी २२ वर्षं गोव्यातल्या हाउसिंग सोसायट्यांची नोंदणी, ऑडिट आणि बायलॉज दुरुस्ती ही कामं करते आहे. या काळात नवा कायदा कळला नाही म्हणून अडचणीत आलेल्या सोसायट्या मी फार थोड्या पाहिल्या. दुसऱ्याचा कायदा आपला समजून चालणाऱ्या मात्र ढीगभर पाहिल्या. म्हणून ताई, ‘नवीन काय आलं’ हे नंतर बघा, आधी ‘आपल्याला लागतं काय’ ते पक्कं करा.

हा घोळ गोव्यात का होतो त्याला कारण आहे. आपला स्वतःचा कायदा येईपर्यंत इथे महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदाच लागू केलेला होता. गोवा सहकारी संस्था कायदा २००१ सालचा, त्याखालचे नियम २००३ चे. म्हणजे तुमची सोसायटी नोंदली गेली तेव्हा महाराष्ट्राचाच कायदा होता आणि तुमच्या बायलॉजमध्ये जागोजागी त्याचीच कलमं छापलेली असणार. त्यातून आपण मराठी वाचणारी माणसं. सोसायट्यांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, पेपरातली सदरं असोत की यूट्यूबवरची व्याख्यानं, ते बहुतेक मुंबई-पुणे-ठाण्याच्या लोकांसाठी असतं. भाषा आपली, माणसं ओळखीची वाटतात, इमारतीतली भांडणंही तीच, त्यामुळे कायदाही तोच असणार असं मनाने धरून चालतो. तो तसा नाही.

ग्रुपवर तुम्हाला काय काय येत असेल ते मी न बघता सांगू शकते. ट्रान्स्फर फी २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांहून जास्त नको. ही दोन्ही बंधनं महाराष्ट्र सरकारने २००१ साली तिथल्या सोसायट्यांना घातली. थकबाकीसाठी ‘१०१ ची केस’, पुनर्विकासासाठी ‘७९ अ’, हाउसिंग सोसायट्यांसाठी ‘१५४ ब’ चं नवं प्रकरण, ही सगळी महाराष्ट्राची कलमं, आणि १५४ ब तर तिथेही २०१९ सालीच आलं. डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करत नसेल तर ती सरकारी आदेशाने करून घेण्याची सोय, ज्या मोफा कायद्यातून (महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यातून) येते, तो १९६३ चा कायदा गोव्यात लागूच नाही. मडगावच्या एका सोसायटीने थकबाकीदाराला कलम १०१ खाली नोटीस पाठवली. त्याच्या वकिलाने एवढंच उत्तर दिलं की हे कलम कोणत्या कायद्याचं ते कळवावं. वसुली आठ महिने लांबली. पैसे खरोखर थकलेले होते, सभासदाचं चुकलेलंच होतं, तरी नोटीस नव्याने काढावी लागली. गोव्याच्या कायद्यातही वसुलीची आणि वाद सोडवण्याची तरतूद आहे, पण कलमांचे आकडे आणि वाट त्याची स्वतःची आहे.

कोर्टाच्या निकालांचं आणखी नाजूक असतं, कारण इथे गोंधळायला खरोखरच जागा आहे. उच्च न्यायालय आपल्याला मुंबईचंच, त्याचं खंडपीठ तुमच्या पर्वरीतच बसतं. त्यामुळे मुंबईत दिलेला निकाल आपल्यालाही लागतो असं लोकांना वाटतं. निकाल वाचताना पहिल्या पानावर एकच गोष्ट शोधायची: तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमावर दिलेला आहे? उदाहरण पार्किंगचं घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं की बिल्डरला स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. हा निकाल गोव्यातल्या कमिट्या हमखास काढून दाखवतात. पण त्याचा सगळा पाया मोफा कायद्यातल्या व्याख्यांवर आहे. तुमच्या इमारतीत कोणाच्या सेल डीडमध्ये (खरेदीखतात) स्टिल्ट पार्किंग लिहून दिलेलं असेल, तर नुसता हा निकाल दाखवून ते काढून घेता येणार नाही. त्याआधी सेल डीड, मंजूर नकाशा आणि बायलॉज तिन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतील. नव्या इमारतींना २०१६ चा रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा) लागतो. त्यात उघडं पार्किंग सामाईक जागेत धरलेलं आहे, त्यामुळे तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं. तुमची इमारत १९९४ च्या आधीची, म्हणून रेरावर मी इथे फार बोलत नाही. एवढं लक्षात असू द्या की रेरा हा केंद्राचा कायदा आहे आणि गोव्याचे त्याखालचे नियम २०१७ चे आहेत. इथेही महाराष्ट्राचे नियम वाचून उपयोग नाही.

आता तुमच्या काकांचं. ते अर्धे बरोबर आहेत. बायलॉजमधलं जे कलम आजच्या कायद्याशी विसंगत असेल, तिथे कायदा चालतो, बायलॉज नाही. पण जे विसंगत नाही ते जुनं झालं म्हणून रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की बायलॉज म्हणजे सभासदांनी आपसांत केलेला करार, आणि सभासद झालेला माणूस त्याने बांधलेला असतो. करार जुना झाला म्हणून कोणी एकतर्फी फाडून टाकत नाही. वरून खाली क्रम असा धरा: कायदा, मग त्याखालचे नियम, मग रजिस्ट्रारचे (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे) कायद्याने दिलेल्या अधिकारातले आदेश, मग तुमचे नोंदलेले बायलॉज, मग जनरल बॉडीचा ठराव आणि सगळ्यात शेवटी कमिटीचा निर्णय. खालचा वरच्याला ओलांडू शकत नाही. सोसायट्यांत भांडणं होतात ती बहुतेक या खालच्या दोन पायऱ्यांवर, कारण ठराव केला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

मी ‘नोंदलेले’ म्हणते आहे तो शब्द मुद्दाम. ट्रंकेतले बायलॉज काढा आणि शेवटचं पान बघा. रजिस्ट्रार कार्यालयाचा गोल शिक्का, सही आणि तारीख आहे का? पुष्कळदा असते ती कोणीतरी टाइप करून घेतलेली प्रत, तिच्यात मधल्या काळात केलेले बदल पेनाने भरलेले असतात. म्हापशाच्या एका सोसायटीत मी ऑडिटला गेले तेव्हा सिंकिंग फंडाचा (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या निधीचा) दर बायलॉजच्या प्रतीत हाताने दुरुस्त केलेला होता. विचारलं, तर म्हणाले, जनरल बॉडीत एकमताने पास झालं आहे. झालं होतं, मिनिट्समध्ये नोंदही होती. पण दुरुस्ती रजिस्ट्रारकडे नोंदणीला कधी पाठवलीच नव्हती. बायलॉजमधला बदल रजिस्ट्रारने नोंदल्याशिवाय अमलात येत नाही. नऊ वर्षं वाढीव दराने पैसे गोळा झाले होते. एका सभासदाने फ्लॅट विकताना हिशेब मागितला आणि मग सगळ्यांचाच हिशेब करावा लागला. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. सरळ, कामसू माणसांची कमिटी होती ती. तिच्या वाट्याला दोन वर्षं जो मनस्ताप आला तो आठवला की अजून वाईट वाटतं.

शिक्क्याची प्रत मिळाली नाही तर रजिस्ट्रार कार्यालयात, तुमच्या झोनच्या असिस्टंट रजिस्ट्रारकडे, बायलॉजची आणि आजवर नोंदलेल्या सर्व दुरुस्त्यांची प्रमाणित प्रत मागा. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, सोबत कमिटीचा ठराव. फाइल जुनी आहे, वेळ लागेल, पण पाठपुरावा सोडू नका. यात एक गोष्ट साध्या सभासदांनाही उपयोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालानुसार सहकारी संस्था स्वतः माहिती अधिकारात सरसकट येत नाही. पण रजिस्ट्रारला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागता येते, ती रजिस्ट्रारकडे मागता येते. एखादी कमिटी बायलॉज दाखवत नसेल तर सभासदाला ही वाट मोकळी आहे. तुमच्या सोसायटीत मात्र ही वेळ येऊ देऊ नका. प्रमाणित प्रत आली की स्कॅन करून सगळ्या ३६ घरांना पाठवा.

त्याच वेळी नोंदणी प्रमाणपत्र बघा. त्यावर सोसायटीचा वर्ग लिहिलेला असतो. गोव्यात बऱ्याच सोसायट्यांच्या नावातच ‘हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी’ असतं, आणि तो शब्द शोभेचा नाही. अशा ठिकाणी बिल्डरने किंवा जमीनमालकाने प्रत्येक फ्लॅटचं सेल डीड थेट घेणाऱ्याच्या नावे केलेलं असतं, जमिनीतला अविभक्त हिस्साही त्याच्याच नावावर. सोसायटी इमारत सांभाळते, मालक ती नसते. दुसऱ्या प्रकारात जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर येते आणि सभासदाकडे शेअर सर्टिफिकेटसोबत फ्लॅटचा हक्क असतो. वरवर दोन्हीकडे तेच मेंटेनन्स बिल, तोच वॉचमन, तीच गळणारी टाकी. पण गच्चीवर मोबाइल टॉवरला जागा द्यायची, पुढची मोकळी जागा कोणाची ते ठरवायचं किंवा उद्या इमारत पाडून नवी बांधायची, तर कोणाकोणाच्या सह्या लागतील याचं उत्तर दोन्ही प्रकारांत निराळं येतं. तुमच्या ट्रंकेत सेल डीडचा नमुना, एक-चौदाचा उतारा किंवा सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारे कागद), रूपांतराची सनद (जमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी), बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आहे का ते बघा. नसेल ते पंचायतीकडून, नगर नियोजन खात्याकडून, भूमापन कार्यालयातून मिळवा. हेच तुमचे खरे मूळ दस्तऐवज. बायलॉज त्यांच्यानंतर येतात.

लक्ष कुठे ठेवायचं, हा तुमचा मुख्य प्रश्न. त्याचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. गोवा सरकारचं राजपत्र दर गुरुवारी निघतं. मालिका १ मध्ये विधेयकं, कायदे, नियम. मालिका २ मध्ये आदेश, नेमणुका, खात्यांच्या अधिसूचना, आणि नव्या सोसायट्यांच्या नोंदणीच्या अधिसूचनाही तिथेच छापून येतात. मालिका ३ मध्ये जाहिराती आणि सूचना. मधे काही तातडीचं असलं तर असाधारण अंक निघतो. हे सगळं सरकारी मुद्रण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी चहा घेताना मालिका १ आणि २ ची अनुक्रमणिका उघडायची आणि सहकार खातं, नगर नियोजन, पंचायत, पर्यटन, वीज, अग्निशमन एवढी नावं शोधायची. दहा मिनिटांचं काम. बहुतेक आठवड्यांत काहीही सापडणार नाही, आणि सापडलं नाही हेही कळलेलं बरं असतं, कारण मग ग्रुपवर ‘कालच नवीन कायदा आला’ असा मेसेज पडला की तुम्हाला शांतपणे विचारता येतं: कोणत्या राजपत्रात, कोणत्या तारखेला?

मूळ कायदा वाचायला इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर जा, पण तिथली प्रत अखेरच्या दुरुस्तीपर्यंतची आहे का ते तपासून घ्या. आपल्या कायद्याला बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत. बाजारातलं जुनं पुस्तक घेऊन बसणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. कायद्याचा मजकूर इंग्रजीत असतो. कमिटीत इंग्रजी सहज वाचणारं कोणी नसेल तर लाजू नका, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा आणि मराठीत दोन ओळी लिहून घ्या. सभासदांना ज्या भाषेत कळतं त्या भाषेत सूचना काढा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामांसाठी मराठीही वापरता येते. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दोन्ही चालतात. सोबत इंग्रजी असली म्हणजे दिल्ली-बंगळूरचे फ्लॅटवालेही तक्रार करत नाहीत.

केंद्राकडून येणाऱ्या गोष्टी गोव्याच्या राजपत्रात दिसतीलच असं नाही, त्यांची वेगळी यादी करा. जीएसटी हा त्यातला सगळ्यात जास्त चुकणारा विषय. सभासदाकडून महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत मेंटेनन्स असेल तर सूट आहे. ही मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये ५,००० वरून वाढली. आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीचाच प्रश्न येत नाही. तुमचा मेंटेनन्स महिना दोन-अडीच हजार असेल तर ३६ फ्लॅटचे वर्षाचे नऊ ते अकरा लाख होतात, तुम्ही निश्चिंत आहात. ताळगाव, दोना पावलाकडच्या पूल आणि जिम असलेल्या संकुलांना मात्र हा प्रश्न खराच पडतो. ७,५०० ओलांडले तर कर पूर्ण रकमेवर की वरच्या भागावर? सरकारने २०१९ च्या परिपत्रकात पूर्ण रकमेवर म्हटलं, मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त वरच्या रकमेवर असं ठरवलं. अशा ठिकाणी सीएला विचारल्याशिवाय बिल काढू नका.

दुसरी गोष्ट ९७ व्या घटनादुरुस्तीची, कारण तिच्याबद्दलचा मेसेज वर्षातून एकदा तरी फिरतोच. ही दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. कमिटीची मुदत पाच वर्षं, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा, ऑडिट वेळेत, हे सगळं तिने घालून दिलं आणि राज्यांनी आपापल्या कायद्यांत बदल केले. मग २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता तो भाग घटनाबाह्य आहे, कारण राज्यांच्या विधानसभांची संमती घेतलेली नव्हती. लगेच लोक म्हणायला लागले, घटनादुरुस्ती उडाली, आता मुदतही नाही आणि सभेचं बंधनही नाही. असं होत नाही. राज्याच्या कायद्यात जी तरतूद लिहिलेली आहे ती विधानसभेने बदलेपर्यंत तशीच राहते. तेव्हा सप्टेंबरअखेर डोळ्यांसमोर ठेवूनच चाला. आणि गोव्यात सप्टेंबर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चवथीला अर्धी इमारत गावाला गेलेली असते, डिचोली, पेडणे, सावंतवाडी, कुठे कुठे. कोरम मिळत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेत दहा माणसांनी घेतलेला निर्णय परत आलेल्या सव्वीस जणांना पटत नाही. सभा जुलैच्या शेवटच्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लावा. ऑडिटरला हिशेब मेमध्येच द्या.

कचरा आणि कुत्री या दोन विषयांवर पटकन. मोठ्या वसाहतींवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी केंद्रीय नियमांनी टाकली आहे. तुमचं आवार तेवढं मोठं नसेल, तरी वर्गीकरण सगळ्यांनाच आहे. भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देणं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत रहिवासी संघटनेकडे आलं आहे. ‘आमच्या सोसायटीत कुत्रं पाळायचं नाही’ असा ठराव करण्याआधी थांबा, तो टिकत नाही.

आता एक विषय ज्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तो फक्त गोव्याचा आहे आणि बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. सभासद वारला तर शेअर कोणाच्या नावे करायचे? मुंबईच्या पद्धतीने सेक्रेटरी नॉमिनेशन फॉर्म काढतात, नॉमिनीच्या नावे सर्टिफिकेट करतात आणि फाइल मिटवतात. फोंड्याच्या एका सोसायटीत असंच झालं. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, नॉमिनी पुतण्या. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांना वाटलं कायदाच असा असेल. पुतण्याने फ्लॅट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने विचारलं, विधवेची सही कुठे आहे? आपल्याकडे लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते, आधी वेगळा करार केलेला नसेल तर. त्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा नवरा जिवंत असतानाही त्या बाईंचाच होता. तो वारशाने यायचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या अर्ध्याचं काय ते गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ प्रमाणे ठरतं. हा कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा इंद्राणी वाही निकाल आहे. सोसायटीने नोंद नॉमिनीच्या नावे करावी, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. म्हणजे नॉमिनी हा सोसायटीच्या वहीतला माणूस, मालक कोण ते वेगळ्या ठिकाणी ठरतं. म्हणून हस्तांतराच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा, आणि विक्रीचा विषय आला की विशेष नोटरीसमोर झालेलं वारसा घोषणेचं डीड किंवा इन्व्हेंटरीतला, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याच्या कार्यवाहीतला, कोर्टाचा आदेश मागा. विक्रीच्या वेळी नवरा-बायको दोघांच्या सह्या आहेत का तेही बघा. तुमच्या इमारतीत बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबंही असतील, त्यांना त्यांचा वारसा कायदा लागू शकतो. कोणाला कोणता, हे सेक्रेटरीने ठरवायचं नाही, कागद मागायचा.

दुसरा खास इथला विषय पर्यटकांचा. पर्वरीतही आता फ्लॅट दिवसाच्या भाड्याने जातात. रात्री दोन वाजता ट्रॉली बॅग ओढत अनोळखी माणसं वॉचमनला फ्लॅट नंबर विचारतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप जाते. कमिट्या रागाच्या भरात ‘पर्यटकांना बंदी’ असा फलक लावतात. माझं मत असं की आधी कायदा जे आधीच सांगतो ते वापरा. पर्यटकांना पैसे घेऊन राहायला देणाऱ्याला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. फ्लॅटमालकाला नोंदणीची प्रत द्यायला लेखी सांगा. नसेल तर खात्याला कळवा. मग आपले बायलॉज काढा: वापर ‘निवासी’ असाच लिहिला आहे का, भाडेकरूची माहिती सोसायटीला देण्याचं कलम आहे का. नसेल तर पाहुण्यांची नोंदवही, गोंगाट, पार्किंग, सामाईक जागेचा वापर याबद्दलची कलमं नीट मसुदा करून बायलॉज दुरुस्तीत घ्या. नुसत्या फलकापेक्षा ही वाट लांबची आहे, पण कोणी आव्हान दिलं तर उभी राहते.

दुरुस्ती कधी करायची? दर नव्या मेसेजला नाही. तुमच्या बाबतीत मात्र एकदा पूर्ण करावीच लागेल, कारण १९९४ चे बायलॉज रद्द झालेल्या कायद्यावर बेतलेले आहेत. रजिस्ट्रार कार्यालयाने हाउसिंग सोसायट्यांसाठी दिलेले नमुना बायलॉज घ्या, तुमचे शेजारी ठेवा आणि तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करा: कायद्याने बदललेलं, आपल्याला बदलायचं असलेलं, जसंच्या तसं ठेवायचं. नमुना डोळे मिटून स्वीकारू नका. मेंटेनन्स सोसायटीला न लागणारी कलमं त्यात असू शकतात. मसुदा सभेच्या नोटिशीसोबतच प्रत्येक घरात पोचवा, जुनं कलम आणि नवं कलम समोरासमोर छापून. ‘आयत्या वेळी येणारे विषय’ यात बायलॉज कधीही आणू नका. कायद्यात आणि तुमच्या बायलॉजमध्ये सांगितलेलं बहुमत मिळालं की मिनिट्स, उपस्थितीच्या सह्या आणि मसुद्याच्या प्रती घेऊन रजिस्ट्रारकडे नोंदणीचा अर्ज. नोंदणीचा आदेश हातात येईपर्यंत जुनेच बायलॉज चालवायचे, एक दिवसही आधी नवे नाहीत.

वकिलाची वार्षिक फी द्यावी का, याबद्दल: ३६ फ्लॅटच्या सोसायटीला मी नको म्हणेन. वसुलीची केस, बायलॉजचा अंतिम मसुदा, जमिनीचा वाद यासाठी वकील जरूर घ्या आणि चांगले पैसे द्या. पण गुरुवारचं राजपत्र दुसरा कोणी तुमच्यासाठी वाचेल या भरवशावर राहिलेल्या कमिट्यांना मी शेवटी विचारताना ऐकलं आहे, ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही.’ ते काम कमिटीतल्या माणसाचंच.

त्यासाठी एक जाड वही घ्या, संगणकावर केलीत तरी चालेल. पाच रकाने पाडा: तारीख, कुठे वाचलं, काय बदललं, आपलं कोणतं कलम लागतं, आपण काय केलं. पहिल्या पानावर कायमच्या तारखा लिहा: ऑडिट कधी द्यायचं, सभा कधी, रजिस्ट्रारकडे विवरणपत्र कधी, कमिटीची मुदत कधी संपते, लिफ्टची तपासणी, विमा. वार्षिक सभेत ‘वर्षभरात कायद्यात झालेले बदल’ असा एक विषय ठेवा आणि त्या वहीतून वाचून दाखवा. तुमच्यानंतर जे सेक्रेटरी होतील त्यांना ट्रंकेसोबत ही वही द्या.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. बायलॉजचं शेवटचं पान उघडून शिक्का बघा, आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा वर्ग वाचा. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. शिक्का नसेल तर सोमवारी असिस्टंट रजिस्ट्रारच्या कार्यालयात अर्ज घेऊन जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका.